सहज आणि तत्सम

तोंडावर सगळे तिला ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कलमबाई’. वीज-तपासणीच्या कार्यालयात ती लागली ती टायपिस्ट म्हणून. इमारतींच्या वायरिंगचे नियम त्या काळात नव्याने लिहिले जात होते आणि साहेबलोक एकेक कलम दहादा बदलत. ‘असावा’चं ‘असलाच पाहिजे’ व्हायचं, ‘असलाच पाहिजे’चं ‘शक्यतो असावा’ व्हायचं, आणि महिनाभर वाद घालून गाडी परत ‘असावा’वर यायची. दर वेळी नवा कागद चढवायची ती. अकरा वर्षं हे चाललं. शेवटी पुस्तक छापून आलं तेव्हा साहेबांना ते चाळावं लागायचं, हिला नुसतं आठवावं लागायचं. मग तिने वायरमनची परीक्षा दिली, सुपरवायझरची दिली, आणि चाळिशी उलटल्यावर तपासनीस म्हणून हातात टेप आणि वायरची गळती मोजणारं मेगर घेऊन बाहेर पडली. गुलाबाला कलम लावतात, ही माणसाला लावते, असं ठेकेदार आपसात म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं. तिला त्याचं सुखही नव्हतं नि दुःखही.

आता छप्पन्न पूर्ण झाली होती. गुडघे बोलायला लागले होते. नव्या इमारतीत लिफ्टला वीज मिळते ती हिची सही झाल्यावर, त्यामुळे हिला सगळे मजले पायीच चढावे लागत. त्यात दिवसभर फोन. कोणी विचारी, मोरीच्या दारापासून किती अंतरावर सॉकेट चालेल? कोणी विचारी, स्वयंपाकघर ओलं धरायचं की कोरडं? पुस्तकात ‘ओली जागा’ एवढंच होतं. ती सांगे, "भांडी घासता तिथे ओलं, पोळ्या लाटता तिथे कोरडं." पलीकडचा म्हणे, "बाई, आमचा ओटा एकच आहे." मग ती डोळे मिटून म्हणे, "मग ओलं धरा." असे तीस-चाळीस अर्थ ती रोज लावी आणि संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसे तेव्हा तिला स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नसे.

घरात दोघीच. ती आणि तिची नणंद. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. नणंद तेव्हा चार दिवस सोबतीला म्हणून आली ती राहिलीच. लग्न झालेलं नव्हतं, दवाखान्यात केसपेपर लिहिण्याची नोकरी करून ती तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, पण या दोघींना भांडायलासुद्धा जोर उरलेला नव्हता. नणंदेची जीभ मात्र शाबूत होती.

"वहिनी, तुमचं ते पुस्तक नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं टिकलं," असं ती एकदा म्हणाली होती, आणि मग दोघी बराच वेळ हसल्या होत्या.

त्या हिवाळ्यात कार्यालयाने तिला एका वृद्धाश्रमाच्या नव्या इमारतीवर पाठवलं. तीन मजले, साठ खाटा. ठेकेदार चांगला होता, आणि पुढची सगळी अडचण त्यातूनच आली. वाईट ठेकेदार असता तर दहा चुका निघाल्या असत्या आणि अकरावीवर कोणी वाद घातला नसता. इथे अर्थिंग चोख, जोड घट्ट, वायरींचे रंग जिथल्या तिथे. प्रत्येक बोर्डावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. ती मनातून खूश झाली. मग पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात मेन स्विचसमोर येऊन थांबली. संपूर्ण मजल्याची वीज एका खटक्यात बंद करणारा तो स्विच भिंतीत चांगला उंच बसवलेला होता.

"हा एवढा वर का?" तिने विचारलं.

"वर कुठे, बाई? एक मीटर चौऱ्याण्णव. दोनच्या आत आहे. मी स्वतः टेप धरलाय."

तिने टेप धरला. एक मीटर चौऱ्याण्णवच भरलं. नियम असा होता: मेन स्विच सहज हात पोहोचेल अशा जागी असावा, आणि जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच नसावा.

ठेकेदार पुढे म्हणाला, "खाली लावला असता तर इथली मंडळी येता-जाता खटका ओढतील. निम्म्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. अनधिकृत माणसाच्या हाती लागू नये, हेही तुमच्याच पुस्तकात आहे ना?"

होतं. त्याच पानावर, दोन ओळी खाली. तिनेच टाइप केलं होतं.

"रात्री या मजल्यावर कोण असतं?"

"एक सेविका असेल," सोबत आलेल्या संचालिका म्हणाल्या. त्यांना तिथे सगळे मोठ्या ताई म्हणत. "तळमजल्यावर ती खिडक्या पुसतेय, बोलावू का?"

सेविका आली. पन्नाशीची, अंगाने काटक, उंचीने जेमतेम पावणेपाच फूट. तिला सांगितलं, तो खटका खाली ओढून दाखवा. तिने हात वर केला. मग टाचा उचलल्या. बोटांची टोकं पेटीच्या खालच्या कडेला लागली, त्यापुढे जाईनात.

"स्टूल आणू का?" तिने आपणहून विचारलं.

"नको. झालं."

ठेकेदाराने टेप गुंडाळून खिशात टाकला. मग शांतपणे म्हणाला, "बाई, कोणाचा हात ते पुस्तकात लिहिलेलं नाही."

"म्हणून तर मला पाठवतात," ती म्हणाली, आणि तिने सही केली नाही. शेऱ्यात लिहिलं की स्विच दीड मीटरवर आणावा, त्याला झाकण बसवावं, झाकणाची कडी कर्मचाऱ्याला एका हाताने उघडता यावी.

लिहायला दोन ओळी लागल्या. करायला पाच आठवडे लागणार होते. तिन्ही मजल्यांवर स्विच तेवढेच उंच होते, वरून येणारी जाड केबल मापात कापलेली होती, स्विच खाली आणायचा तर ती नव्याने ओढावी लागणार, म्हणजे तिन्ही मजल्यांवर भिंती फोडणं आलं. जिन्यात उतरताना मोठ्या ताई तिच्या मागून येत म्हणाल्या, "बाई, आमची माणसं सामान बांधून बसलीत हो. त्या जुन्या जागेत थंडी फार. आधी ते मालाचं गोदाम होतं. हीटर लावले की दिवे मंद होतात."

तिने ते ऐकलं. नीट ऐकलं. पण ते गोदाम चाळीस वर्षांपूर्वी, त्या काळच्या नियमांनी पास झालेलं होतं, आणि जुनं बांधकाम जुन्याच नियमांनी चालतं. तिच्या वहीत त्या इमारतीला पान नव्हतं. "पाच आठवडे म्हणजे काही फार नाहीत," असं काहीतरी ती म्हणाली.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस वाईट नव्हता. फक्त वरून कोणाचा फोन आला की ते घाईने पळवाट शोधत, आणि फोन आलेला दिसत होता.

"अहो, अर्थ लावत बसायचं काम आपलं नाही. आपण मोजायचं."

"मोजलं की, साहेब. हात मोजला."

"बरं, मग असं करा, महिन्याभराची तात्पुरती जोडणी देऊन टाका. माणसं राहायला जातील, तुमचं काम मागून होईल."

"तात्पुरती जोडणी बांधकाम व तत्सम कामासाठी असते. माणसं राहायला नाही."

"तत्सम आहे ना तिथे?"

"तत्सम म्हणजे तंबू, प्रदर्शनं, असलं काही. साठ म्हाताऱ्यांचं झोपणं-उठणं बांधकामासारखं कसं?"

साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. जोडणीचा आदेश तेही देऊ शकत होते. पण त्यावर त्यांची सही लागली असती, आणि ती त्यांना करायची नव्हती. "ठीक आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी नणंदेने विचारलं, "आज कोणाला नापास केलंत?"

"म्हाताऱ्यांना," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, मोठ्या ताईंचा फोन आला. ती तेव्हा दुसऱ्याच एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. मोठ्या ताईंचा आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. जुन्या जागेत त्यांच्याकडे एक बाई होत्या, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. भिंतीतल्या एका सॉकेटवर तीन हीटर चालत होते. भिंत ओलसर. मंगळवारी जळका वास आला म्हणून मास्तरीणबाईंनी उठून पिन ओढली. तापून मऊ झालेली ती पिन हातातच उकलली, आणि हात तारेला चिकटला.

"आमची ती बुटकी सेविका दारातच होती," मोठ्या ताई म्हणाल्या. "तिथला मेन स्विच दाराशेजारी आहे, छातीच्या उंचीवर. तिने लगेच ओढला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर जीव गेला असता. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बाकी ठीक आहेत."

तिने वही टाकीवर ठेवली.

"बाई, तुमचं बरोबर होतं," मोठ्या ताई म्हणाल्या. "तेवढंच सांगायला फोन केला."

तिने फोन पिशवीत ठेवला. गच्चीवरचं काम उरलं होतं, ते पूर्ण केलं. मोटरचा स्विच, त्याची पेटी, अर्थिंगची तार. आकडे वहीत उतरवले. पाच मजले उतरायचे होते, पण ती पहिल्याच पायरीवर बसली. खाली कामगार फरशा लावत होते. कोणी वर आलं नाही.

घरी आल्यावर तिने नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेने ऐकून घेतलं.

"तुम्हाला कोणी काही बोललं का?"

"बरोबर होतं म्हणाल्या."

नणंद उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं."

"हो."

"तुम्ही सही केली असती आणि नव्या जागेत असं झालं असतं, तर?"

"तर ती मेली असती बहुतेक."

"मग?"

"पण नव्या जागेत असं होणारच नव्हतं, वन्सं. तिथलं वायरिंग चोख होतं. मीच तपासलं होतं."

नणंदेने गॅस बंद केला. चहा ओतला.

जेवणानंतर तिने पुस्तक काढलं. खरं तर काढायची गरज नव्हती. दोन्ही कलमं तिला तोंडपाठ होती, पण डोळ्यांनी बघावीशी वाटली. एकात ‘सहज’ असा शब्द होता, दुसऱ्यात ‘तत्सम’. दोन्ही शब्द सारखेच सैल. पुस्तक लिहिणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी जागा मोकळी सोडली होती, की पुढे ज्याला जसं दिसेल तसं त्याने भरावं. ‘सहज’ तिने ताणून ताणून एका पावणेपाच फुटी बाईच्या हातापर्यंत नेला होता. त्याचा तिला अभिमानही वाटला होता, खोटं कशाला सांगा. आणि ‘तत्सम’ला मात्र तिने बोटभर हलू दिलं नव्हतं. का? तर तो शब्द साहेबांनी काढला होता म्हणून. त्यांना सही टाळायची होती आणि त्याचा तिला राग आला होता म्हणून. त्या वेळी तिला हे कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण नियम पाळतो आहोत.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. दिवे मंद होतात, असं मोठ्या ताई जिन्यात म्हणाल्या होत्या. हीटर लावल्यावर दिवे मंद होणं म्हणजे तारांवर झेपणार नाही एवढा भार, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

ठेकेदाराने काम सांगितल्यापेक्षा चार दिवस आधी संपवलं. तो गोदामातल्या प्रकाराबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि ती फेरतपासणीला गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली होती. तिन्ही मजल्यांवर स्विच दीड मीटरवर, वर झाकण, झाकणाला कडी. सेविकेने कडी काढून खटका ओढून दाखवला. तिने सही केली. आठवड्याभरात माणसं राहायला आली.

त्यानंतर एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ती कसलीच वही न घेता तिथे गेली. मास्तरीणबाईंना तळमजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली होती. उजव्या हाताला अजून पट्टी. समोर पलंगावर एक जुना झगा पसरलेला, त्याची शिवण उसवलेली.

"मी वीज-तपासणीतून," ती म्हणाली.

"तुम्हीच का त्या, सही न करणाऱ्या?"

"हो."

मास्तरीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप घ्यावं तसं. "मला एक सांगा. तुम्ही अडवलं नसतं, तर मी त्या मंगळवारी इथे असते ना?"

"असता."

"बरं."

एवढंच. ती सांगायला आली होती ते सगळं, सेविकेच्या हाताबद्दल, झाकणाबद्दल, त्या दोन शब्दांबद्दल, राहूनच गेलं. मास्तरीणबाईंनी ते विचारलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "उभ्या काय राहिलात, बसा. चष्मा आहे का?"

"आहे."

"मग सुया ओवून द्या. डाव्या हाताने टाके जमतात आता थोडे, पण दोरा ओवता येत नाही. इथल्या मुलींना सांगावं तर त्यांना कामं. काळ्याच्या दोन, पांढऱ्याच्या दोन, एक निळी."

तिने पाच सुया ओवल्या. पांढऱ्या दोऱ्याला वेळ लागला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "दोरा एवढा लांब घेऊ नये, गुंता होतो," आणि तिने तो तोडून पुन्हा ओवला. नंतर दर शनिवारी नाही, पण महिन्यातून एकदा-दोनदा ती जात राहिली. दोघींची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. मास्तरीणबाई तिच्याशी कधी मोकळ्या हसल्या नाहीत. पण सुया मात्र तिच्यासाठी राखून ठेवत.

मेन स्विचवरचा तिचा तो शेरा पुढे कार्यालयाने सगळीकडे लागू केला. परिपत्रक निघालं, त्यावर तिचं नाव नव्हतं. ‘सहज म्हणजे त्या जागी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा हात, स्टुलाविना.’ लगेच एका ठेकेदाराने कर्मचाऱ्यांच्या यादीत ‘पहारेकरी, उंची सहा फूट एक इंच’ असं लिहून पाठवलं. साहेब हसले. तीही हसली, आणि त्या पहारेकऱ्याला प्रत्यक्ष हजर करायला सांगितलं. तो काही आला नाही.

तिने आपणहून आणखी एक टिपण लिहिलं होतं. नव्या इमारतीची वीज अडवायची असेल, तर माणसं तोवर जिथे राहतात ती जागाही तपासावी, मग ती कितीही जुन्या नियमांनी पास झालेली असो. त्याला उत्तर आलं: विचाराधीन. तीन महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं. पुन्हा विचाराधीन.

तेव्हापासून ती कोणाच्या कामावर सही नाकारली की वही मिटण्याआधी विचारते, "तोवर राहता कुठे?" माणसं गोंधळतात. काहींना वाटतं, बाईंना काहीतरी हवं आहे. पत्ता मिळाला की ती कार्यालय सुटल्यावर तिकडे जाते. तिथे तिला ना अधिकार ना पान. बोर्डाला हात लावून बघते, गरम आहे का. एका सॉकेटवरची दोन यंत्रं काढायला लावते. कधी घरातलं माणूस म्हणतं, तुम्ही कोण सांगणाऱ्या? तेव्हा ती खरं तेच सांगते, की मी कोणी नाही, पण ही पिन काढा. बहुतेक लोक काढतात. काही दार लावून घेतात. काढलेली पिन आपण गेल्यावर परत लागत असेल, हेही तिला माहीत आहे.

"एका पगारात दोन नोकऱ्या," नणंद म्हणते. "आणि दुसरीत बढती नाही."

निवृत्तीला आता दीड वर्ष आहे. साहेबांनी मुदतवाढीचं विचारलं होतं. त्यांच्या मते पुस्तकाचा अर्थ सांगणारं दुसरं कोणी कार्यालयात नाही. ती नको म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, दमले. साहेबांना वाटलं गुडघ्यांचं म्हणते, आणि त्यांनी चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, पिशवी उचलली आणि पुढच्या पत्त्यावर गेली. चौथा मजला होता.